तारणाचे दोन अर्थ आणि तीस दिवसांची नोटीस

आमच्या घरी हा विषय पहिल्यांदा निघाला तो १३ नोव्हेंबर २०२२ च्या रविवारी. उपासना आटोपून आलेले बाबा ओसरीतल्या कापसाच्या ढिगाला टेकून बसले होते. दोन महिने मनात घोळवलेले वाक्य मी एका दमात बोलून टाकले : मला ज्याच्याशी लग्न करायचे आहे तो दारव्ह्याला बँकेत आहे, मूळचा अलिबागचा आहे आणि धर्माने यहुदी आहे. मी भांडणाच्या तयारीने आले होते, पण बाबांचा चेहरा एकदम उजळला. "यहुदी? म्हंजे येशूच्या गोतातला?" असे म्हणून त्यांनी आईला स्वयंपाकघरातून हाक मारली. अर्ध्या तासाने, चहा संपता संपता, त्यांनी खरा प्रश्न विचारला : "त्याचं तारण झालं हाये न?"

पुढचे साडेआठ महिने आमची दोन्ही घरे या एका शब्दाभोवती फिरत राहिली. अशाच पेचात असलेल्या कोणाला उपयोग व्हावा म्हणून तारखांसकट सारे लिहून ठेवते आहे.

आम्ही दारव्हा तालुक्यातले शेतकरी, आणि आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, भाषेत 'विश्वासी'. बाबांचा बाप्तिस्मा १९९६ साली गावाजवळच्या तलावात झाला आणि माझा २०११ मध्ये, सोळाव्या वर्षी, त्याच तलावात. आमच्याकडे तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देत नाहीत, कारण ज्याला पाप म्हणजे काय ते उमगलेले नाही, त्याने पश्चात्ताप कशाचा करायचा? प्रत्येक माणूस पापी आहे, स्वतःच्या कर्मांनी तो सुटू शकत नाही, येशूने वधस्तंभावर त्याच्या वाटची शिक्षा भोगली आणि जो हे मनापासून स्वीकारतो त्याचे तारण त्याच क्षणी, कृपेने, फुकट होते, असे आम्ही मानतो. विश्वासी आईबापांच्या पोटी जन्मल्याने काहीही आपोआप मिळत नाही. बाबा हे एका वाक्यात सांगतात : "देवाले लेकरं असतात, नातवंडं नसतात."

ज्याच्याशी माझे लग्न ठरत होते तो बँकेत कृषी कर्जांचे काम पाहतो. 'तारण' हा शब्द तो दिवसातून वीस वेळा उच्चारतो, पण जमीन तारण, सोने तारण, शेतमाल तारण अशा अर्थाने. डिसेंबरात तो पहिल्यांदा घरी आला तेव्हा बाबांनी त्याला समजेल असा दाखला दिला. येशूने दिलेले तारण म्हणजे कर्जमाफी आहे, रक्कम दुसऱ्याने भरलेली आहे, तू फक्त अर्जावर सही करायची, असे ते म्हणाले. तो अदबीने म्हणाला, "बाबा, पण आमच्याकडे हे कर्ज जन्मासोबत येत नाही." आदामाच्या पापाचा वारसा सगळ्या माणसांकडे येतो ही शिकवण यहुदी परंपरेत नाही. माणसात चांगली आणि वाईट अशा दोन ओढी असतात, चूक झाली की परत फिरायचे, आणि त्या परत फिरण्याला हिब्रूत 'तेशुवा' म्हणतात, हे त्याने सांगितले. बाबांनी ऐकून घेतले, पण त्या रात्री ते जेवले नाहीत.

याच सुमारास, १३ डिसेंबर २०२२ ला, राज्य शासनाने आंतरजातीय आणि आंतरधर्मीय विवाहांसाठी कुटुंब समन्वय समिती नेमल्याची बातमी आली आणि दोनच दिवसांत तिच्यातून 'आंतरजातीय' हा शब्द गळाल्याची. गावात मला तीन जणांनी तरी विचारले, की आता तुमची चौकशी होणार का. आमच्याकडे कोणीही आले नाही.

जानेवारीत आमच्या पाळकांनी, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंनी, तोडगा सुचवला : त्याने बाप्तिस्म्याच्या वर्गाला बसावे. ८, १५, २२ आणि २९ जानेवारी, असे चार रविवार तो खरोखर येऊन बसला, हे त्याच्या बाजूने नोंदवले पाहिजे. आमचे पाळक ज्यांच्या हाताखाली तयार झाले ते यवतमाळच्या सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या विद्यालयात, शिकलेले होते. युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३ साली यवतमाळातच सुरू झाली आणि १९८३ मध्ये पुण्याला गेली, त्यामुळे आमच्या भागातल्या जुन्या पाळकांचे वचनांचे पाठांतर पक्के असते. आदामामुळे सगळे पापी ठरले असे सांगणारे रोमकरांस पत्र पाळकांनी उघडले, तर याने यहेज्केलाचा अठरावा अध्याय काढला, ज्यात मुलगा बापाच्या पातकाचा भार वाहणार नाही असे म्हटले आहे. पाळकांनी योहानाचा तिसरा अध्याय काढला, नव्याने जन्म घेतल्यावाचून देवाचे राज्य दिसत नाही, तर याने विचारले, की नव्याने जन्मलेल्या माणसाचे जुने लोक कोण राहतात? हा प्रश्न तेव्हा कोणालाच कळला नाही. मलाही तो मार्चमध्ये कळला.

चौथ्या रविवारी पाळकांनी त्याला सांगितले, की मंडळीपुढे उभे राहून 'येशू माझा तारणारा आहे' अशी साक्ष द्यावी लागेल. तो म्हणाला, "हे वाक्य मी वाचून दाखवू शकतो, पण साक्ष म्हणून देऊ शकत नाही." मला वाटले होते, की पाळक थोडी ढील देतील, पाण्यात उतर, विश्वास मागाहून येईल, असे म्हणतील. त्यांनी साफ नकार दिला. लग्नासाठी घेतलेला बाप्तिस्मा म्हणजे नुसती आंघोळ, असे त्यांचे म्हणणे होते. मिशनऱ्यांची माणसे कोणालाही धरून पाण्यात बुडवतात असे गावात बोलणाऱ्यांनी तो नकार पाहायला हवा होता.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात बाबांशी माझे मोठे भांडण झाले. तोही तिथे होता आणि 'तुमचा देव ठरलेल्या शब्दांवाचून कोणाला ओळखत नाही का' असे काहीसे बोलून गेला. त्यानंतर पाच दिवस बाबा माझ्याशी बोलले नाहीत. सहाव्या रात्री मी डबा घेऊन शेतात गेले. त्या आठवड्यात पंपाची वीज रात्री बारानंतर होती आणि बाबा गव्हाला पाणी देत होते. एका सरीचे दार मातीने बंद करून दुसरीचे उघडताना, माझ्याकडे न पाहता, ते म्हणाले, "मी तिकडं असीन आन् जावाई नसीन, त मी तिथं खुश कसा राहीन, सांग." तोपर्यंत मला हा हट्ट वाटत होता. शेजाऱ्याच्या घराला आग लागली असताना माणूस गप्प बसू शकत नाही, तशी ती घालमेल होती. ज्यांच्या घरी असा आग्रह चालू आहे त्यांना माझे एवढेच सांगणे आहे, की वाद घालण्याआधी समोरच्याला भीती कशाची वाटते ते विचारून घ्या.

त्याने जमत नाही तर मी बदलते, असे मी ठरवले. आईवडिलांच्या पश्चात त्याला वाढवलेल्या आत्याबाईंना फोन करून मी म्हटले, की मी यहुदी व्हायला तयार आहे. मला वाटले, त्यांना आनंद होईल. त्या म्हणाल्या, "कशाला?" मी गडबडले. त्या शांतपणे पुढे म्हणाल्या, "तू देवाला मानतेस, चोरीमारी करत नाहीस, कोणाचे वाईट करत नाहीस. देवाला तुझ्याकडून आणखी काय हवे आहे? आहेस तशी राहा." आमच्या मंडळीत कोणी 'मला प्रभूकडे यायचे आहे' म्हटले तर लोक रडतात, टाळ्या वाजवतात. इथे मला दारातूनच परत पाठवले होते.

मार्चमध्ये आम्ही अलिबागला गेलो. त्याच महिन्याच्या १७ तारखेपासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट लागू झाल्याने माझा बडनेऱ्यापर्यंतचा प्रवास स्वस्त झाला, आणि पुढे रेल्वे. दोघांचा येण्याजाण्याचा खर्च चार हजारांच्या आत बसला. त्याचा समाज बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले यहुदी, आणि ही कुटुंबे घरात मराठीच बोलतात. आत्याबाईंच्या तोंडी सिनेगॉगला, म्हणजे यहुदी प्रार्थनास्थळाला, 'मशीद' हा जुना शब्दही येतो, त्यामुळे पहिल्या दिवशी माझा गोंधळ उडाला. त्यांच्या कपाटात मराठी बायबल पाहून मला नवल वाटले. त्या हसून म्हणाल्या, की ते मिशनऱ्यांचे उपकार. जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने १८३२ मध्ये बेने इस्रायलांसाठी मराठीतून हिब्रूचे व्याकरण छापले होते. अमेरिकन मिशननेही शाळा काढल्या. त्या शाळांतून हे लोक आपलीच शास्त्रे पुन्हा नीट वाचायला शिकले, ख्रिस्ती मात्र फारच थोडे झाले. "शिक्षण घेतले, बाकीचे आभार मानून परत केले," असे आत्याबाईंनी सांगितले. हे वाक्य मी बाबांना अजून ऐकवलेले नाही.

तिथे मी दुसऱ्यांदा विचारले. या वेळी त्यांनी मला आपल्या ओळखीच्या एका वयस्कर, जाणत्या गृहस्थांकडे नेले. त्यांनी तासभर समजावले ते थोडक्यात असे. यहुदी मतानुसार परलोकातला वाटा मिळवण्यासाठी कोणालाही यहुदी व्हावे लागत नाही. नोहाच्या वंशाला, म्हणजे साऱ्या मानवजातीला, सात आज्ञा आहेत : मूर्तिपूजा, देवनिंदा, खून, व्यभिचार, चोरी आणि जिवंत प्राण्याचा अवयव तोडून खाणे ही सहा वर्ज्ये, आणि न्यायालये नेमणे ही सातवी. त्या पाळणारा नीतिमान माणूस कुठल्याही राष्ट्राचा असो, त्याला वाटा आहे. यहुद्यांवर मात्र ६१३ आज्ञांचे ओझे आहे. मग ते ओझे सक्ती नसताना डोक्यावर का घ्यायचे? तालमुदात, म्हणजे यहुदी धर्मचर्चेच्या जुन्या ग्रंथात, सांगितले आहे, की धर्मांतरासाठी आलेल्याला आधी विचारावे : इस्रायल आज छळलेला, दडपलेला आहे हे तुला ठाऊक नाही का? तरीही तो म्हणाला, की ठाऊक आहे आणि मी पात्र नाही, तरच त्याला घ्यावे. पुढे बराच काळ शिक्षण, तीन जणांच्या धर्मन्यायमंडळापुढे चौकशी, पुरुष असेल तर सुंता, आणि शेवटी वाहत्या किंवा साठलेल्या नैसर्गिक पाण्यात पूर्ण बुडी. अलिबागेत तसे मंडळ नाही. शिवाय लग्न हे कारण त्यांच्या धर्मशास्त्रात संशयास्पद मानले जाते.

पाण्याचे ऐकून मी म्हटले, हे तर आमच्यासारखेच. ते म्हणाले, की आणखी एक साम्य ऐक : तालमुदानुसार धर्मांतर केलेला माणूस नुकत्याच जन्मलेल्या बाळासारखा असतो. माझ्या अंगावर काटा आला, कारण हे तर योहानाचेच शब्द. पण पुढची चर्चा ऐकून लक्षात आले, की तिथे या वाक्यावरून जुन्या नात्यांचे कायदेशीर काय होते, याचा खल केलेला आहे. नव्याने जन्मलेल्याचे जुने लोक कोण, हा जानेवारीतला प्रश्न त्यातूनच आला होता. आमच्याकडे नवा जन्म म्हणजे पापाची क्षमा आणि बदललेले अंतःकरण. त्यांच्याकडे तो बराचसा आपल्या दत्तकविधानासारखा आहे. माणूस एका कुळातून दुसऱ्या कुळात जातो, त्या कुळाचे पूर्वज, सण, सुतक आणि शत्रूसुद्धा त्याचे होतात, आणि त्याचे नाव 'अब्राहामाचा मुलगा' किंवा 'अब्राहामाची मुलगी' असे लागते. एकदा आत आला की मग त्याने पाप केले तरी तो इस्रायलच राहतो. बाबांना हवे होते ते बुडत्याला काढणे. आत्याबाई ज्याला नाही म्हणत होत्या ते दत्तक जाणे होते. दोघांनाही आपण मराठीत 'धर्मांतर' म्हणतो.

मे महिन्यात आत्याबाई आमच्या गावी आल्या. २६ मेला शावुओत, म्हणजे सिनाय पर्वतावर नियमशास्त्र मिळाल्याचा सण, आणि दुसऱ्या दिवशी शब्बाथ, म्हणजे काम, प्रवास आणि विजेचे बटणसुद्धा टाळण्याचा आठवड्याचा विसावा, म्हणून २४ तारखेला येऊन त्या रविवारपर्यंत राहिल्या. आईने जेवणाचा घोर लावून घेतला होता. मी तिला एवढेच सांगितले, की मटण-कोंबडी करू नकोस, नवे पातेले काढ. भाकर, वांग्याची भाजी, झुणका आणि आंबरसावर सगळे सुरळीत पार पडले. पाहुणे यहुदी असतील आणि तुम्ही गोंधळला असाल, तर शाकाहार हा सर्वांत सोपा मार्ग आहे.

शुक्रवारी सूर्य मावळण्याच्या आत त्यांनी तेलाचे दोन दिवे लावले. शनिवारी दुपारी वीज गेली. तासाभराने आली, पण कुलर आईने बटणावरून बंद करून ठेवलेला होता. बाहेर विदर्भातला मे. कोकणातली ती सत्तरीची बाई खुर्चीत घामाने भिजलेली, बटण हातभर अंतरावर, आणि खोलीत दुसरे कोणी नाही. बाबा ओसरीतून पाहत होते. आत्याबाईंनी बटणाला हात लावला नाही, कोणाला हाकही मारली नाही. शेवटी आईने येऊन, कोणी न सांगता, बटण दाबले.

बाबांना राहवले नाही. ते म्हणाले, "ताई, राग मानू नका, पण असे नियम पाळून स्वर्ग भेटत नाई." आत्याबाईंनी पदराने तोंड पुसले. "भाऊ, स्वर्गासाठी कोण पाळतंय? तुमची लेक या घरात भांडी घासते. घासली म्हणून तुम्ही तिला घरात ठेवलंय का? लेक आहे म्हणून ठेवलंय, आणि लेक आहे म्हणून ती घासते. देवाने आधी मिसरातून सोडवलं आणि मग सिनायवर आज्ञा दिल्या, आधी नाही." बाबा पुष्कळ वेळ बोलले नाहीत. यहुदी लोक कर्मांनी तारण कमावू पाहतात असे ते आयुष्यभर ऐकत आले होते, मीही ऐकत आले होते. नंतर ते म्हणाले, "मंग चुकलं त? वधस्तंभ नाई, त माफी कोणाच्या भरवशावर?" आत्याबाई म्हणाल्या, "परत फिरलं की देव घेतो. बापाला लेकराला माफ करायला तिसरं कोणी कशाला लागेल?" इथे दोघेही थांबले. यापुढे दोघांपैकी एकालाही सरकता येणार नव्हते आणि ते दोघांनाही समजले असावे.

त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी बाबांच्या बायबलातून रूथचे पुस्तक वाचून दाखवायला मला सांगितले. शावुओतला ते वाचतात. आमच्या मंडळीतही रूथ लाडकी, कारण मत्तयाने दिलेल्या येशूच्या वंशावळीत तिचे नाव आहे. मी वाचत गेले. नामी आपल्या परक्या मुलखातल्या विधवा सुनेला, रूथला, माहेरी परत जा म्हणते, पुन्हा म्हणते, तिसऱ्यांदा म्हणते. रूथ हलत नाही आणि म्हणते, की तुमचे लोक ते माझे लोक, तुमचा देव तो माझा देव. आत्याबाईंनी मला तिथे थांबवले. "आधी काय आलं? लोक. मग देव." मी तिसऱ्यांदा विचारायचे ठरवले होते, पण ते न विचारता पुस्तक मिटले. मला तो मुलगा हवा होता, त्याचे लोक मला प्रिय होते, पण येशूला सोडून त्यांच्यात दत्तक जाणे मला जमणार नव्हते, हे वाचता वाचता माझे मलाच कळले.

मग उरले सरकार. भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा, १८७२ नुसार वधूवरांपैकी एक जण ख्रिस्ती असला तरी विवाह लावता येतो, पण आमच्या पाळकांच्या विवेकाला ते पटणारे नव्हते. सिनेगॉगातही असे लग्न लागणार नव्हते. विशेष विवाह कायदा, १९५४ हाच मार्ग राहिला. दोघांपैकी एकाचे त्या जिल्ह्यात नोटिशीआधी सलग ३० दिवस वास्तव्य हवे, मग नोटीस, ती फलकावर ३० दिवस, आणि नोटिशीच्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आत लग्न, नाहीतर नोटीस पुन्हा. ५ जूनला आम्ही पहिल्यांदा गेलो. नोटिशीच्या नमुन्यात नाव, वैवाहिक स्थिती, व्यवसाय, वय, पत्ता आणि वास्तव्याचा काळ विचारतात, धर्म विचारत नाहीत. तरीही खिडकीवरच्या बाबूंनी त्याचा शाळा सोडल्याचा दाखला पाहिला, त्यावर 'बेने इस्रायल' वाचले आणि दूतावासाचे ना-हरकत पत्र आणायला सांगितले. तो अलिबागच्या मराठी शाळेत शिकलेला आहे हे त्याच दाखल्यावर छापलेले होते. आठवडा त्यात गेला. राज्याने २०१६ मध्ये ज्यू समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला त्याची छापील प्रत घेऊन आम्ही पुन्हा गेलो आणि १२ जूनला नोटीस दाखल झाली. त्याचा कायमचा पत्ता रायगडचा असल्याने एक प्रत तिकडच्या विवाह अधिकाऱ्यांकडे गेली. मूळ दाखल्यांसोबत प्रत्येकी चार झेरॉक्स आणि तिन्ही साक्षीदारांची ओळखपत्रे पहिल्याच दिवशी ठेवा. शुल्क किरकोळ असते, पैसा जातो तो फेऱ्यांत. आमच्या गावापासून यवतमाळच्या पाच फेऱ्या झाल्या.

तीस दिवस १२ जुलैला भरत होते, पण आत्याबाईंनी पंचांग पुढे केले. ६ जुलै ते २७ जुलै हे यरुशलेमच्या मंदिराच्या नाशाच्या शोकाचे तीन आठवडे, त्यात लग्न नाही. बाबांना रविवार नको होता. शिवाय त्या जुलैत पाऊस असा कोसळत होता, की दोनदा रस्ताच बंद झाला. शेवटी ३१ जुलै, सोमवार, ठरला. तीन साक्षीदारांपुढे घोषणापत्रावर सह्या आणि कायद्याने ठरवलेले एक वाक्य, एवढ्यात पंधरा मिनिटांत काम झाले. कार्यालयाबाहेर पत्र्याच्या शेडखाली बाबांनी डोळे मिटून आमच्यासाठी प्रार्थना केली आणि ती येशूच्या नावाने संपवली. आई आणि मी आमेन म्हटले. आत्याबाई मान खाली घालून उभ्या राहिल्या, आमेन म्हणाल्या नाहीत, आणि मग म्हणाल्या, "पाऊस थांबलाय, निघू या."

मुलांचे काय, असे सगळे विचारतात. आत्याबाईंच्या हिशेबाने आई यहुदी नाही म्हणून मुले यहुदी नाहीत. अमेरिकेतल्या यहुद्यांच्या सुधारणावादी रिफॉर्म पंथाने १९८३ पासून बापाकडूनही ओळख मान्य केली आहे, पण त्यांची मशीद त्या पंथाची नाही. बाबांच्या हिशेबाने मुले विश्वासी नाहीत, कारण देवाला नातवंडे नसतात. जी अजून जन्मलीच नाहीत त्यांना दोन्ही घरांनी बाहेर ठेवून झाले आहे.

२४ सप्टेंबर २०२३, रविवार. संध्याकाळपासून योम किप्पुरचा, म्हणजे यहुद्यांच्या प्रायश्चित्ताच्या दिवसाचा, उपास लागणार होता, पंचवीस तास पाण्याचा थेंबही नाही. हा दुपारीच मला घेऊन गावी आला. बाबा उपासनेहून येऊन ओसरीत बसले होते. त्याने चपला काढल्या, समोर उभा राहिला आणि म्हणाला, की फेब्रुवारीत मी तुमच्या देवाबद्दल जे बोललो त्याची माफी मागायला आलो आहे. माणसाविरुद्ध केलेली चूक त्या माणसाने माफ केल्याशिवाय उद्याच्या उपासाने धुतली जात नाही.

बाबा चपापले. "मी त तवाच माफ केलं," ते म्हणाले. "पण हेच जर तू येशूपाशी मागितलं असतं, त..." ते थांबले. त्यांनी अंगणातल्या उन्हाकडे पाहिले, मग आईला हाक मारून ताट वाढायला सांगितले.

"बस," ते त्याला म्हणाले. "दिवस बुडाच्या आंधी जेवा लागते न तुले?"